१९८६ च्या वर्ल्ड सिरीजची (अमेरिकन बेसबॉलची अंतिम मालिका) सहावी मॅच पूर्ण बघावी, की बकनरच्या चुकीची क्लिप पुरे?

पूर्ण बघा. वेळच नसेल तर निदान आठव्या इनिंगपासून बघा. नुसती क्लिप बघून मत बनवू नका. त्या काही सेकंदांनी बोस्टन रेड सॉक्सच्या बकनरचं, एका उत्तम खेळाडूचं, वाटोळं केलं.

मी तेव्हा बोस्टनला शिकत होतो. २५ ऑक्टोबरला मॅच न्यूयॉर्कच्या शे स्टेडियमवर होती आणि आम्ही घरमालकांच्या दिवाणखान्यात बसलो होतो. न्यू जर्सीचे भावोजी आले होते, ते कट्टर मेट्सवाले, म्हणजे न्यूयॉर्कच्या संघाचे. आमचे रेड सॉक्स सिरीजमध्ये ३-२ ने पुढे होते, चौथी मॅच जिंकली की सिरीज त्यांची, आणि १९१८ नंतर एकदाही विजेते झाले नव्हते. दहाव्या इनिंगला रेड सॉक्सच्या हेंडरसनने होमरन (थेट मैदानाबाहेर फटका) मारला, मग आणखी एक रन आला, ५-३. मेट्सचे पहिले दोघे आउट, तिसरा आउट झाला की संपलं, आणि बेसवर कुणी नाही. घरमालक आजोबा खुर्चीतून उठले आणि टीव्हीला हात टेकवून उभे राहिले.

मग मेट्सच्या कार्टर, मिचेल, नाइट यांचे ओळीने तीन सिंगल्स (एका बेसपर्यंत नेणारे फटके). नाइटवर दोन स्ट्राइक होत्या आणि तिसरीला माणूस आउट, म्हणजे रेड सॉक्सना जिंकायला एकच स्ट्राइक हवी होती. ५-४. रेड सॉक्सने पिचर (बॉल टाकणारा) शिराल्डीला काढून स्टॅनलीला आणलं. त्याचा एक पिच कॅचर गेडमनच्या हाताबाहेर गेला आणि मिचेल धावत घरी आला. ५-५. वाइल्ड पिच, म्हणजे पिचरची चूक, म्हणून तो स्टॅनलीच्या नावावर लागला, पण माझ्या मते गेडमनने तो अडवायलाच हवा होता. त्यानंतर मेट्सच्या मूकी विल्सनचा तो सरपटी बॉल बकनरच्या पायांमधून गेला, नाइट धावत आला, ६-५, मेट्स जिंकले.

म्हणजे बॉल पायांमधून गेला तेव्हा आघाडी आधीच गेलेली होती. भावोजी त्याच क्षणी म्हणाले, "एका माणसाने हरवलं तुम्हाला." दर दिवाळीला त्यांचं हे वाक्य ठरलेलंच. मला ते तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही. बकनरचे घोटे इतके खराब होते की तो उंच बूट घालून खेळत होता. त्याच सिरीजच्या जिंकलेल्या मॅचेसमध्ये त्याच्या जागी शेवटी राखीव खेळाडू स्टेपलटनला आणत होते. त्या रात्री मॅनेजर मॅकनामाराने आणलं नाही. आठव्या इनिंगला बेसेस भरलेले असताना मेट्सच्या डावखुऱ्या पिचर ओरोस्कोसमोर डावखुऱ्या बकनरलाच खेळू दिलं, तेही त्यानेच. रेड सॉक्सचा पिचर क्लेमेन्स, त्याला सातव्या इनिंगनंतर का काढलं, यावर तर मॅकनामारा एक सांगायचा आणि क्लेमेन्स दुसरंच.

आपल्याकडे चेतन शर्माचं हेच झालं, आणि तेही १९८६ मध्येच. शारजाला मियांदादने मारलेला तो शेवटच्या बॉलचा सिक्सर सगळ्यांना पाठ आहे. पुढच्या वर्षी वर्ल्ड कपमध्ये शर्माने आपल्या नागपुरात हॅटट्रिक घेतली, ती किती जणांना आठवते? बकनरच्या नावावर २,७१५ हिट्स (बेसपर्यंत नेणारे फटके) आहेत. १९८० मध्ये नॅशनल लीगमध्ये (तिथल्या दोन मोठ्या लीगपैकी एक) बॅटिंग अ‍ॅव्हरेजमध्ये तो पहिला होता. १९८६ च्या मोसमात बोस्टनसाठी त्याने आपल्या फटक्यांवर १०२ रन आणले, म्हणून तर संघ तिथवर पोचला! बदल्यात त्याला शिव्या मिळाल्या. शेवटी तो दूर आयडाहोत राहायला गेला. २००८ मध्ये रेड सॉक्सच्या फेनवे मैदानावर मॅचआधीचा मानाचा पहिला पिच टाकायला त्याला बोलावलं आणि अख्खं मैदान उभं राहिलं, पण मधली बावीस वर्षं कोण परत देणार?

तो बॉल अडवायला हवा होता, हे मान्य. चूक ती चूकच. पहिल्या काही इनिंग्ज संथ आहेत, नव्या माणसाला कंटाळा येईल, हेही आधीच सांगतो. पण सहावी बघितलीत तर लगेच सातवीही बघा. तिथे रेड सॉक्स ३-० ने पुढे होते आणि ८-५ ने हरले. त्या पराभवाचं खापर बकनरवर कसं फोडायचं, ते भावोजींनी मला एकदा समजावून सांगावं.