सोसायटीच्या बोअरचं पाणी उन्हाळ्यात कधी आटेल हे आधीच सांगणारं मॉडेल मिळतं का?

मिळतं की. मॉडफ्लो नावाचं भूजलाचं मॉडेल 1984 पासून आहे, अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याचं, आणि फुकट. पण त्यात घालायला आकडे आहेत का तुमच्याकडे? मोटर बंद असताना बोअरची पातळी कधी कुणी मोजलीये?

आमची सोसायटी पुण्यात, बावधनच्या बाजूला. मी रविवारी पहाटे मोटर लागायच्या आधी टेप सोडून पातळी वहीत लिहायचो, तर कमिटीवाले म्हणायचे सरकार मोजतंच की. अहो, केंद्रीय भूजल मंडळ वर्षातून चारदा मोजतं, तेही ठरावीक विहिरींत, त्यावरून तुमच्या गल्लीचं काय कळणार! मग शेजारच्या प्लॉटवर दोन मजली बेसमेंटचा खड्डा सुरू झाला, झिरपणारं पाणी रात्रंदिवस पंपाने गटारात, आणि आमची पातळी ऐन डिसेंबरात मे महिन्यासारखी खाली. उतार पंप लागले त्याच आठवड्यापासूनचा, वहीत स्पष्ट दिसत होतं. मी मीटिंगमध्ये वही ठेवली, म्हटलं बिल्डरशी बोला, ते पाणी आपल्या टाकीत घेऊ किंवा पुनर्भरणाच्या खड्ड्यात सोडू. उत्तर आलं, "काका, आपण अजून खोल जाऊ." गाडी आली, सगळ्यांच्या वर्गणीतून सहाशे फूट मारलं, नुसती कोरडी भुकटी उडाली. बेसमेंटचं काम संपून पंप निघाले तशी जुन्या बोअरची पातळी पावसाच्या आधीच थोडी वर आली.

आपला बेसाल्ट, म्हणजे काळा खडक, पाणी धरतो तो झिजलेल्या थरात आणि भेगांत, साठवण खडकाच्या घनफळाच्या साधारण 2 टक्के धरतात. म्हणजे पातळी 5 मीटर उतरली तरी खरं पाणी गेलं 10 सेंटीमीटरच्या थराएवढंच. म्हणून इथे पातळी झपाझप पडते आणि पावसात तशीच चढते. खाली अखंड काळा पाषाण लागला की आणखी खोल जाऊन बहुधा पैसेच जातात.

तर आधी मोटरच्या पाइपाशेजारी अर्ध्या इंची पाइप सोडून घ्या, नाहीतर टेप केबलमध्ये अडकतो. रोजचा उपसा लिहा, पाऊस लिहा, आजूबाजूला कुठे पंप लागले ते तारखेसकट लिहा. एक वर्ष झालं की साधा आलेखच बरंच सांगतो, मॉडेल त्याच्या पुढचं. हां, एका बोअरच्या वहीवरून बिल्डरविरुद्ध काही सिद्ध होत नाही, त्याला भूजलतज्ज्ञाकडून पंपिंग टेस्ट (ठरावीक वेळ पंप चालवून पातळी मोजणं) लागते, आणि तुम्ही जळगावकडे तापीच्या गाळात असाल तर माझं 2 टक्क्यांचं गणित विसरा.

आणि कमिटीने खोल जायचा ठराव आणलाच तर वहीतले आकडे इतिवृत्तात नोंदवून घ्या, सहीसकट.