पहिल्यांदा क्राफ्ट बिअर प्यायला निघालास, तर

पुण्यात आहेसच, तर सुरुवात डूलालीपासून कर. २००९ साली पुण्यातच सुरू झालेली ही देशातल्या सुरुवातीच्या मायक्रोब्रुअरींपैकी एक, म्हणजे थोड्या प्रमाणात स्वतःची क्राफ्ट बिअर बनवणारी जागा. नावाला हसू नकोस. ते आपल्या नाशिकजवळच्या देवळालीचं इंग्रजांनी केलेलं रूप. मायदेशी नेणाऱ्या जहाजाची वाट बघत गोरे सोजीर तिथल्या छावणीत कंटाळून जायचे, त्यावरून डोकं फिरलेल्याला इंग्रजीत ‘डूलाली’ म्हणायला लागले.

पहिलाच ग्लास आयपीएचा, म्हणजे इंडिया पेल एल या कडवट बिअरचा, नको. मी तोच मागवला होता आणि कारल्याच्या रसाची आठवण झाली होती. तो कडूपणा हॉप्सचा, म्हणजे बिअरमध्ये घालतात त्या एका वेलीच्या फुलांचा. जीभ सरावली की हवाहवासा वाटतो, पण आज नाही. आधी हेफेवायझेन घे, ही जर्मन पद्धतीची गव्हाची बिअर. हिच्यात निम्मं किंवा त्याहून जास्त माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य, गव्हाचं. पिकल्या केळ्याचा आणि लवंगेचा वास येईल, पण यातलं काहीही कुणी घातलेलं नसतं, सगळी करामत बिअर आंबवणाऱ्या यीस्टची. बेल्जियन विट या गव्हाच्याच दुसऱ्या बिअरमध्ये मात्र धने आणि संत्र्याची साल खरोखर पडते. गढूळ दिसली म्हणून वेटरशी भांडू नकोस, बिअर गाळलेली नसते इतकंच. बर्फासारखी गारही मागू नकोस, वास मरतो.

मेनूत सायडर दिसली, तर ती बिअर नव्हे, सफरचंदाचा रस आंबवून केलेली दारू. गोडसर लागते, म्हणून भराभर जाते. तिथेच नवखे फसतात.

छोट्या ग्लासांचा सँपलर मिळत असेल तर तोच घे. आणि गाडी घरीच ठेव, रिक्षाने ये.