आजोबांच्या उशाशी बसताना

अनेक आशीर्वाद.

डॉक्टरांनी ‘आता दिवसांचाच प्रश्न’ असं सांगितलंय आणि घरात वाद मात्र आजोबा खात का नाहीत यावरून चाललाय, असं तू लिहिलंस. तिथूनच सुरुवात करतो.

जेवण सुटलं म्हणून ते खालावतायत असं सगळ्यांना वाटतं. खरा क्रम उलटा आहे. शरीर आवरतं घेऊ लागलं की भूक मरते, आतडी मंदावतात, गिळणंही नीट होत नाही. बळेच भरवलेला घास मग श्वासनलिकेत उतरतो आणि ठसका, ताप, न्यूमोनिया असं मागे लागतं. अखेरच्या दिवसांत सलाईनचाही सहसा उपयोग होत नाही. शरीराला ते पाणी वापरता येत नाही, ते पायांवर सूज आणि छातीत कफ होऊन साचतं. त्यांनी मागितलं तर द्यायचं, पण अर्धा चमचा, पाठ उंच करून, हनुवटी किंचित खाली झुकवून. गिळलेलं दिसल्याशिवाय दुसरा चमचा नाही. ओठ मिटले किंवा तोंड फिरवलं की संपलं. लाडीगोडी नको, डोळ्यांत पाणी आणून आग्रह तर मुळीच नको.

तहान लागली असेल असं वाटतं तेव्हा बहुतेक वेळा तोंड कोरडं पडलेलं असतं. हे काम तू अंगावर घे. गॉजचा तुकडा पाण्यात बुडवून घट्ट पिळायचा आणि दर तास-दोन तासांनी गालांच्या आतून, हिरड्यांवरून, जिभेवरून फिरवायचा. न पिळता घेतलास तर तेच पाणी घशात जातं. ओठांना पेट्रोलियम जेलीचं पातळ बोट. ऑक्सिजन चालू असेल तर मात्र तेलकट काही लावायचं नाही, भाजण्याचा धोका असतो. पाण्यात विरघळणारं मलम माग. कवळी सैल झाली असेल तर काढून ठेव.

कूस साधारण दर २ तासांनी बदला. माकडहाड आणि टाचा आधी लाल होतात. शेवटच्या काही तासांत हलवलं की ते कण्हत असतील, तर हा नियम बाजूला ठेवायचा.

दुखणं ते सांगू शकणार नाहीत, तेव्हा कपाळ वाचायला शीक. आठ्या, आवळलेल्या मुठी, कूस वळवताना निघणारा आवाज, सगळं वेळेसह लिहून ठेव. डॉक्टरांना ‘बरं वाटत नाहीये’पेक्षा त्या चिटोऱ्याचा जास्त उपयोग होतो. मॉर्फीन या तीव्र वेदनाशामकाचं नाव काढलं की नातेवाईक बिचकतात. दुखण्याच्या मानाने डॉक्टरांनी बेतून दिलेल्या मात्रेने मरण लवकर येत नाही. बद्धकोष्ठ मात्र होतं, म्हणून सोबत रेचक लागतं. आणि औषध ठरल्या वेळेला द्यायचं. दुखणं शिगेला पोचल्यावर ते आटोक्यात आणायला जास्त मात्रा लागते.

ते एकाएकी चादर ओढू लागले, उठायला धडपडू लागले, तर भ्रम म्हणून सोडून देऊ नका. आधी ओटीपोट बघा. तुंबलेली लघवी, खडा झालेलं शौच, लपलेलं दुखणं ही नेहमीची कारणं, आणि तिन्हींवर इलाज आहे. गेलेल्या माणसांशी ते बोलत असतील आणि शांत असतील, तर चूक दुरुस्त करायला जाऊ नकोस.

आता तुला ज्याची भीती वाटते ते. श्वास जलद-खोल होत जाईल, मग उथळ, मग थांबेल. कधी दहा-वीस सेकंद, कधी त्याहून बराच जास्त. मग पुन्हा सुरू. याला चेन-स्टोक्स श्वसन म्हणतात. चेन आणि स्टोक्स या दोन डॉक्टरांनी अनुक्रमे १८१८ आणि १८५४ मध्ये त्याची नोंद केली. घरघर लागते ती घशात साचलेल्या लाळेची, गिळायची शक्ती उरलेली नसते म्हणून. ऐकणाऱ्याचा जीव कासावीस होतो, पण त्या अवस्थेत माणूस बहुधा शुद्धीवर नसतो. कुशीवर वळवा, डोकं थोडं उंच करा. लाळ ओढून काढणाऱ्या सक्शन नळीने फारसं साधत नाही, त्रास मात्र होतो. हातपाय गार पडतील, गुडघ्यांवर जांभळट जाळी दिसेल. पातळ पांघरूण घाला. गरम पाण्याची पिशवी नको, कातडी भाजते आणि त्यांना कळतही नाही. ऐकू येतंय असं धरूनच त्यांच्याशी बोल.

रात्रभर बसून तू पाच मिनिटं बाहेर जाशील आणि नेमकं तेव्हाच ते जातील, असं होऊ शकतं. फार घरांत होतं. त्याचा हिशेब स्वतःच्या नावावर मांडू नकोस.

गेल्यावर घाई नसते. वेळ लिहून ठेवा, डॉक्टरांना बोलवा, मृत्यूच्या कारणाचा दाखला तेच देतील. डोळे मिटवायचे आणि हनुवटीखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवायचा, तोही लवकर, कारण २ ते ४ तासांत जबडा ताठरू लागतो. वळवताना छातीतली हवा सुस्काऱ्यासारखी बाहेर पडते, लघवी होऊ शकते. आधी माहीत नसेल तर माणूस दचकतो.

नंतर लोक ‘वय झालंच होतं’ म्हणतील, आणि सगळं लक्ष बाबांकडे जाईल; त्यांचे वडील गेलेले असतील. तुझं दुःख त्यामुळे छोटं ठरत नाही. सुटल्यासारखं वाटलं तर तेही दडपू नकोस, जागरणं संपलेली असतात. दुःखाच्या पाच पायऱ्या (नकार, राग, घासाघीस, खिन्नता, स्वीकार) कुणी मोजून दाखवल्या तर सोडून दे. मानसोपचारतज्ज्ञ एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये त्या मांडल्या त्या स्वतः मरणाच्या दारात असलेल्यांशी बोलून. मागे राहिलेल्यांनी त्या क्रमाने चढायच्या असा नियम नाही. सकाळी रडून दुपारी मित्रमैत्रिणींत हसणं यात खोटं काही नाही.

कॉलेजात एका तरी शिक्षकांना आधीच सांगून ठेव. सहा महिन्यांनंतरही रोजची कामं होत नसतील, झोप लागत नसेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेट. जगणं नको असा विचार मनात आला, तर मात्र त्याच दिवशी घरात कुणाला तरी सांग आणि डॉक्टर गाठ.