शिगम्याच्या वेशातले एलईडी नंतर सुटे करायचे आहेत, तर टाक्यांसाठी विरघळणारा जैविक धागा कोणता घ्यावा?

मिरवणुकीच्या कुर्त्यावर स्टीलचा कंडक्टिव्ह (वीज वाहणारा) धागा आणि एलईडी बसवून, सण सरल्यावर न कापता काढायचे, असं तुम्ही म्हणता. पाच-सहाच दिवे असतील तर खटाटोप करू नका, सुती दोऱ्याचे कच्चे टाके घाला आणि उसवा. लांबलचक नक्षी असेल तर मात्र मी अल्जिनेट, म्हणजे समुद्री शेवाळापासून मिळणाऱ्या पदार्थाचा धागा, घेईन.

पाण्यात विरघळणारा म्हणून दुकानात मिळतो तो दोरा बहुधा पीव्हीए या कृत्रिम प्लास्टिकचा असतो. त्याचं मूळ पेट्रोलियम, आणि घामातही तो ढिला पडू शकतो. जिलेटिनचा धागा गरम पाण्यात सुटतो, पण आपल्या दमट हवेत चिकट होतो, बुरशी धरतो. कॅल्शियम अल्जिनेट साध्या पाण्याला दाद देत नाही, पण सोडियम सायट्रेटच्या पाण्यात सुटतं. त्याचा धागा असा करा.

100 मिली डिस्टिल्ड पाण्यात 3 ग्रॅम सोडियम अल्जिनेट ब्लेंडरने घुसळा आणि रात्रभर ठेवा. बुडबुडा राहिला की धागा नेमका तिथेच तुटतो. विहिरीच्या जड पाण्यात कॅल्शियम असतं, त्याने आधीच गुठळ्या होतात. मिश्रण सिरिंजमध्ये भरा, 18 गेजच्या बोथट सुईचं टोक 10 टक्के कॅल्शियम क्लोराइडच्या द्रावणात बुडवून सिरिंज एका लयीत दाबा. पाच मिनिटांनी धागा धुवा, 5 टक्के ग्लिसरीनच्या पाण्यातून काढा आणि किंचित ताणून वाळवा. ग्लिसरीन नसेल तर तो कडक होऊन टाक्याच्या वळणावर मोडतो.

हा धागा मशीनला चालत नाही आणि शिवणीचा भारही पेलत नाही. कंडक्टिव्ह धागा कापडावर ठेवून त्यावरून मोठ्या नाकाच्या सुईने आडवे टाके घाला. गाठ तुटते, म्हणून शेवटी दोन उलटे टाके मारा. घामातलं सोडियम कॅल्शियमची जागा घेतं, धागा फुगतो आणि टाके सैल होतात. त्यामुळे काख आणि पाठ टाळा, खालून सुती अस्तर लावा.

काढताना आधी बॅटरी काढा. एक लिटर कोमट पाण्यात 50 ग्रॅम सोडियम सायट्रेट विरघळवून कुर्ता अर्धा तास बुडवा, अधूनमधून हलवा. जाड टाके उशिरा सुटतात, ओढू नका. धुण्याच्या सोड्यानेही काम होतं, पण काळ्या कापडावर कॅल्शियम कार्बोनेटची पांढरी भुकटी बसते आणि हळदीचा रंग लालसर होतो. मग दोनदा साध्या पाण्यातून काढा. एलईडी पूर्ण वाळल्याशिवाय बॅटरी जोडू नका, कारण क्षार उरला असेल तर वीज वाहताना जोड गंजतात.