‘पडायचं असतं’ म्हणजे काय?

प्रिय मनू,

परवाचा फोन अर्धवट राहिला. पाऊस लागला की गावातली रेंज जाते, हे इथे जर्मनीत, श्टुटगार्टात बसूनही मी विसरलेले नाही. म्हणून पत्र. जोडाक्षरांशी झटापट करत बसू नकोस, आजीला वाचायला दे. मध्येच तिला खोकला आला तर समज, तिच्याबद्दल काहीतरी लिहिलंय.

तू एवढंच सांगू शकलीस. थोडे दिवस जातेस त्या गावच्या शाळेत, वर्गात शेजारच्या मुलाच्या पुस्तकाला तुझा पाय लागला, सगळे ओरडले, “पाया पड, पाया पड!” तू पडलीस. मग उभी राहिलीस आणि बाईंना विचारलंस, “का?” बाई म्हणाल्या, “पडायचं असतं.” आणि वर्ग हसला. तुला कळेना की पाया का पडायचं, आणि नुसतं विचारलं त्यात हसण्यासारखं काय होतं.

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. पाटी, पुस्तक, दप्तर म्हणजे आपल्याकडे सरस्वती. दसऱ्याला आम्ही पाटीवर एकाचे आकडे रचून सरस्वती काढायचो, तिला झेंडूचं फूल वाहायचो. त्या दिवशी अभ्यास करायचा नाही, कारण पुस्तकं पूजेत असायची. माझ्या भक्तीचं खरं कारण तेच होतं.

पण मला वाटतं, यात बसण्याच्या पद्धतीचाही भाग आहे. आम्ही जमिनीवर बसकर अंथरून बसायचो. पुस्तक पुढ्यात, दप्तर मांडीला लागून, एका रांगेत दहा जणी. पाय कुठेतरी लागायचाच. इथे तुझं दप्तर बाकाच्या हुकाला टांगलेलं असतं, पाय लागणार कसा? जिथे माणसं जमिनीवरच बसतात, जेवतात आणि निजतात, तिथे पाय कुठे जातो यावर लक्ष ठेवावंच लागतं. ताटाला, केरसुणीला, माणसाला, कशालाही लागला तरी आपण हात लावून नमस्कार करतो. हे माझं मत. आजीला पटणार नाही. (खोकली?)

आणि तिथल्या मुलांना सांग, जर्मनीतही आमच्या शाळेत आम्ही बाहेरचे बूट वर्गात नेत नाही, दाराशी काढून सपाता घालतो. तुझ्या शाळेच्या व्हरांड्यातली चपलांची रांग आणि इथली बुटांची रांग यांत मला तरी फरक दिसत नाही, एवढाच की इथे कुणाची चप्पल बदलून जात नाही.

एकाच्या आकड्यावरून आठवलं. गेल्या वर्षी तुला गणितात ‘एक’ मिळाला म्हणून मी आनंदाने फोन केला, तर आजी दोन दिवस गप्प. तिसऱ्या दिवशी म्हणाली, “शिकवणी लावून बघ पोरीला.” इथे एक म्हणजे सर्वांत चांगला आणि सहा म्हणजे नापास, हे तिला समजावताना मला पाटीवरची ती सरस्वतीच उपयोगी पडली.

आता वर्ग का हसला ते. इथे दर सहामाहीला तुझ्या बाई मला काय सांगतात? “लेखी छान आहे, पण वर्गात बोलायला हवं.” बोट वर करणं, प्रश्न विचारणं, याला जर्मन शाळेत चक्क गुण असतात आणि गप्प बसणाऱ्या हुशार मुलाचे कमी होतात. म्हणजे तुझ्या दृष्टीने तू उभी राहून गुणच मिळवत होतीस.

मी त्याच वर्गात बसत होते. आमच्या वेळी प्रश्न गुरुजी विचारायचे, उत्तर आम्ही द्यायचं. एकदा मी विचारलं की भागाकारात वरून आकडा खाली का आणायचा. मला खरंच कळलं नव्हतं. गुरुजींना वाटलं मी टवाळी करते. तळहातावर दोन छड्या बसल्या. भागाकार नंतर घरी आजोबांनी चिंचोके मांडून शिकवला, पण वर्गात ‘का’ विचारायला मी जी घाबरले ती कॉलेजपर्यंत. आजीला हे आज पहिल्यांदाच कळतंय.

आता तिथे छडी नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने मुलांना मारण्यावर बंदी आहे. आणि इथले लोक पहिल्यापासून शहाणे होते असंही समजू नकोस. आपल्या खालच्या मजल्यावरच्या आजींना विचार ‘टाट्झन’ म्हणजे काय. शब्दाचा अर्थ ‘पंजे’. त्यांच्या लहानपणी मास्तर हातावर छडी मारत, त्याचं हे नाव. त्या हसत हसत हात पुढे करून दाखवतात, अगदी मी दाखवते तसाच. मुलांना मार न खाता वाढण्याचा हक्क आहे, हे जर्मनीच्या कायद्यात २००० साली आलं.

पण वर्ग हसला तो जुन्या भीतीने नव्हे. ती मुलं छडी न खाल्लेली आहेत. मला वाटतं, गोष्ट एका छोट्या शब्दाची आहे. जर्मनमध्ये नुसतं “वारुम?” म्हटलं तर तो प्रश्न असतो. मराठीत उभं राहून मोठ्या माणसाला नुसतं “का?” म्हटलं की ते भांडायला आल्यासारखं वाटतं, ‘नाही करणार, बोला!’ असं. तू मनातल्या मनात जर्मन बोललीस आणि तोंडातून मराठी आलं. “बाई, असं का करतात हो?” असं म्हणून बघ. त्या ‘हो’ने सगळा फरक पडतो. शेजारच्या काकूंना ‘हो’, मैत्रिणीला ‘गं’, भावाला ‘रे’. बाजारात कुणी आजी “कोणाची गो तू?” म्हणून विचारते, तिथेही त्या ‘गो’त माया असते, चौकशी नंतर.

आणि बाईंना नाव नाही का, असं मागे विचारलं होतंस. आहे की. पण आम्हाला शाळेत असेपर्यंत आमच्या बाईंचं पूर्ण नाव ठाऊक नव्हतं. इथे तू आडनावाने हाक मारतेस तो मान, तिथे नाव न घेणं हा मान.

सुट्ट्यांचं मात्र दोन्हीकडे सारखंच. इथे फार उकडलं की शाळा लवकर सोडतात, आम्हाला साकवावरून पाणी जायला लागलं की सोडायचे. पऱ्याला, म्हणजे ओढ्याला, पूर यावा म्हणून आम्ही देवाला नारळ कबूल करायचो. इथल्या ऑक्टोबरच्या सुट्टीला जुनी माणसं बटाट्याची सुट्टी म्हणतात, कारण मुलं शेतात बटाटे काढायला जात. कोकणात गणपतीला शाळा बंद. चाकरमानी आल्यावर वर्गात बसणार तरी कोण?

रविवारी पाऊस उघडला तर आजोबांना म्हणावं, दापोलीजवळच्या मुरुडला ने. धोंडो केशव कर्वे त्या गावचे. शाळकरी वयात ते परीक्षेसाठी घाट चढून साताऱ्यापर्यंत चालत गेले आणि ‘वयाने लहान दिसतोस’ म्हणून त्यांना परीक्षेला बसूच दिलं नाही. त्यांनी तिथे ‘का’ विचारलं की नाही कोण जाणे. मोठेपणी मात्र विधवेने पुन्हा लग्न का करू नये, बायकांनी का शिकू नये, असले प्रश्न त्यांनी करूनच विचारले. १८९३ साली विधवेशी लग्न केलं तर गावाने वाळीत टाकलं. १९१६ साली त्यांनी महिला विद्यापीठ काढलं. आजोबा ही गोष्ट माझ्यापेक्षा लांबण लावून सांगतात. ऐकून घे, मध्ये भेळ मिळते.

तुझी चूक झाली का, असं तू फोन कापता कापता म्हणालीस. नाही झाली. पण बाईंचीही नाही. त्यांनाही लहानपणी कुणी ‘पडायचं असतं’ एवढंच सांगितलं असेल. मधल्या सुट्टीत, खिचडी वाढून झाली की, एकटी त्यांच्याजवळ जा आणि ‘हो’ लावून पुन्हा विचार. गणपतीची सुट्टी लागायच्या आत विचार, नाहीतर राहून जाईल. त्या काय म्हणाल्या ते मला हवंय, माझ्या उत्तरापेक्षा वेगळं असेल तर जास्तच.

आणि माळ्यावर माझी जुनी पाटी असेल, एक कोपरा फुटलेली. आजीकडून तिच्यावर सरस्वती काढून घे आणि फोटो पाठव. दसऱ्याला तू इथे असशील, मला आता नीट आठवत नाही की सगळ्यात वरचा एक कुठून सुरू करायचा.

तुझी,
आई