मेजरची उधारी

"फौजेतून आलेल्या माणसाला धंदा जमतो का हो, मॅडम?"

सातारा जिल्ह्यात समुपदेशन करताना हा प्रश्न वर्षातून आठ-दहा वेळा तरी कानावर येतो. इथे भावकीत एक तरी जवान असतोच. प्रश्न विचारणारी बहुधा बायको असते आणि नवरा शेजारी ताठ बसून भिंतीकडे बघत असतो. हे जोडपेही तसेच होते. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

२४ वर्षे नोकरी करून हवालदार म्हणून ते पेन्शनीवर आले, तेव्हा वय ४३. गावात सगळे त्यांना मेजर म्हणतात. आपल्याकडे शिपाई असो की सुभेदार, गावाला सगळे मेजरच. त्यांनी घराशेजारी शेड टाकून लाकडी घाणा सुरू केला. पैसे कुठून, तर पेन्शन विकून, म्हणजे दरमहाच्या पेन्शनीचा काही भाग सोडून त्याबदल्यात एकरकमी पैसे घेऊन. सैनिकाला निम्म्यापर्यंत पेन्शन विकता येते आणि ती पूर्ववत व्हायला १५ वर्षे लागतात. वहिनींच्या पोटात गोळा आला होता तो या १५ वर्षांचा.

"पहाटे साडेचारला उठतात, पोऱ्यावर ओरडतात, दिवसभर घाण्यापाशी. आणि गल्ल्यात बघावं तर काही नाही."

ओरडणे ऐकले आणि मी तेच धरून बसले. राग, शिस्त, सिव्हिलमध्ये जुळवून घेणे. पहिल्या दोन बैठका मी वाया घालवल्या. ते "जी मॅडम, जी मॅडम" म्हणत राहिले. तिसऱ्या वेळी मी घाण्याची वही आणायला सांगितली.

वही बघण्यासारखी होती. पट्टीने आखलेले रकाने, तारीख, वेळ, किती किलो शेंगदाणे घातले, किती तेल निघाले, पेंड किती. एक खाडाखोड नाही. वहीच्या मागच्या पानांवर मात्र नुसती नावे आणि आकडे. ती उधारी. बेरीज केलेली नव्हती. मी तिथेच केली: ४७ हजार.

मग दराचा हिशेब मांडला. लिटरभर तेलाला अडीच किलो शेंगदाणे, म्हणजे त्या वेळच्या भावाने ३१२ रुपये. पेंडीचे ६० वजा जाता २५२. बाटली आणि वीज धरून २७०. ते विकत होते २८० ला. महिन्याला ३०० लिटर, म्हणजे सुटले ३ हजार, आणि पोऱ्याचा पगार ९ हजार. उधारी सगळी वसूल झाली असती तरी ६ हजार घरातूनच जात होते.

"तुमची मजुरी कुठे धरली?"

"मला पेन्शन आहे ना, मॅडम."

इथे मला गाठ सापडली. माझ्या अनुभवात जुन्या सैनिकाचा धंदा कष्टाअभावी बुडत नाही. पेन्शन तोटा झाकते, म्हणून तो दिसतच नाही. मेजर आपल्या पेन्शनीतून गावाला स्वस्तात तेल खाऊ घालत होते.

पण दर का वाढवत नाही, उधारी का मागत नाही, हे विचारले की मान खाली जायची. उधारीत एक नाव सुभेदार साहेबांचे होते, शेजारच्या गावचे, यांचे जुने सीनियर. चार लिटर, ११२० रुपये. मी म्हटले, "मी सुभेदार साहेब. माझ्याकडे बाकी आहे. मागा."

ते खुर्चीवरून उठले. टाचा जुळल्या, हात पँटच्या शिवणीला लागले.

"साहेब, ते..."

बराच वेळ काही नाही. मग म्हणाले, "तेल चांगलं आहे ना, साहेब?"

वहिनींना हसू आवरेना. तेही हसले आणि मग एकदम गप्प झाले. "फौजेत पगार कधी मागितला नाही मॅडम. महिना भरला की खात्यात. मागायचं म्हटलं की भीक मागितल्यागत वाटतं."

फौजेत त्यांना कसलीच किंमत सांगावी लागली नव्हती, ना मालाची ना स्वतःची. निवृत्तीआधी पुनर्वसन महासंचालनालयाचे कोर्स असतात, २४ आठवड्यांपर्यंतचेही. यांनी सिक्युरिटीचा केला होता, कारण बरोबरच्या सगळ्यांनी तोच केला. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात माजी सैनिकाला उद्योगाच्या खर्चात स्वतःचे फक्त ५ टक्के घालावे लागतात आणि ग्रामीण भागात ३५ टक्के अनुदान मिळते, हेही त्यांना घाणा सुरू झाल्यावर कळले. योजना नव्या उद्योगाला असते, चालू धंद्याला नाही. म्हणून मी सांगते, आधी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात एक चक्कर मारा आणि मगच पेन्शन विकायचा विचार करा.

तेवढ्यात वहिनी बोलल्या. २४ वर्षांतली पाच-सहा वर्षेच त्या फॅमिली क्वार्टरमध्ये होत्या, बाकी गावी. सासू, दोन पोरे, अडीच एकर आणि २० बायकांची भिशी. "भिशीत एक रुपया बुडाला नाही माझ्या. वसुली मी बघते."

"बाईमाणूस दारोदार फिरणार?"

"इतकी वर्षं काय तुम्ही सीमेवरून वसुली करत होता?"

समुपदेशकाला कधी कधी गप्प बसण्याचेच पैसे मिळतात. मी गप्प बसले.

ठरले असे: पेन्शनचे खाते वेगळे, घाण्याचे वेगळे, आणि दर ३२० चा. पाटी त्यांनी स्वतः रंगवली, अक्षरे छापल्यासारखी. पहिल्या महिन्यात काही गिऱ्हाइके तुटली, मेजर दोन रात्री झोपले नाहीत. पोऱ्यावर ओरडणे अजून आहे, कमी झालेय म्हणतात.

सुभेदार साहेबांकडे वहिनी गेल्या. त्यांनी पैसे लगेच दिले, वर रागावले, "आधी का नाही सांगितलं?"

परवा वहिनींचा फोन होता. उधारी सात हजारांवर आली आहे. त्यातले तीन हजार थोरल्या दिरांचे. "ते मी नाही मागणार," म्हणाल्या. "तेवढे ह्यांनाच मागू दे."