अठराव्या शतकातल्या बाखसारखं जुनं संगीत आणि फ्लूटची नवीन टेक्निक्स एकत्र वाजवता येतात का? तुम्ही कसं करता?

तुम्ही लिहिलंय की सर म्हणतात बाख सरळ वाजव आणि तुम्हाला त्यात बीटबॉक्सिंग (तोंडानं ड्रमसारखे ठोके काढणं), सर्क्युलर ब्रीदिंग (गालातली हवा फुंकत नाकानं श्वास घेणं, म्हणजे स्वर तुटत नाही) घालावंसं वाटतं. घालता येतं, पण मी आधी बघतो की त्या जुन्या संगीतात अशा गोष्टीला जागा होती का, असेल तरच घालतो.

मी ठाण्यात राहतो, बासरी शिकून मग फ्लूटकडे आलो. बरोक फ्लूट, म्हणजे बाखच्या काळातला फ्लूट, पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा एकदम घरचा वाटला, लाकडी, सहा भोकं आणि एकच की, म्हणजे चावी. त्यावर एफ हा स्वर काढायचा तर मधलं एक भोक उघडं ठेवून त्याच्या खालचं बंद करावं लागतं, त्यामुळे तो स्वर दबका येतो आणि डी, जी मात्र मोकळे येतात, म्हणजे स्केलमध्येच ऊन-सावली असते. आजचा फ्लूट ज्यावरून आला त्या ब्योमच्या १८४७ च्या मॉडेलमध्ये सगळे स्वर एकसारखे भरीव झाले, ते चांगलंच झालं, पण ती सावली गेली. आता गंमत बघा, आजचे कंपोझर एकाच स्वरासाठी वेगवेगळी फिंगरिंग्ज (बोटांच्या जागा) मागतात, रंग बदलावा म्हणून, आणि मी तीच फिंगरिंग्ज मेटलच्या फ्लूटवर बाख वाजवताना वापरतो, दबका स्वर परत मिळतो. पावसाळ्यात ठाण्याच्या दमट हवेत लाकडी फ्लूटचे सांधे फुगतात, तेव्हा तर मेटलवरच सगळं करावं लागतं.

दुसरं म्हणजे फ्लॅटमाँ, बोटानं स्वर हलवण्याची जुनी पद्धत. ओतेतेर या फ्रेंच फ्लूटवादकानं १७०७ च्या पुस्तकात सांगितलंय, लांब स्वरावर बोट भोकाच्या कडेला हलवायचं, स्वर किंचित खाली जाऊन परत येतो. बासरीवाल्याला हे आपल्या रागसंगीतातल्या आंदोलनाच्या जवळचं वाटेल. ओपन होल फ्लूटवर, म्हणजे ज्याच्या चाव्यांना भोकं असतात त्यावर, हे छान जमतं, मी पोटातला व्हायब्रेटो (श्वासानं स्वर थरथरवणं) बंद करून हेच करतो.

सर्क्युलर ब्रीदिंग मात्र बाखच्या ए मायनर पार्टिटात (एकट्या फ्लूटसाठीची नृत्यांची मालिका) मी करत नाही. त्यातल्या आलमांद या पहिल्या भागात श्वासाला जागाच दिसत नाही म्हणून मी खूप मेहनतीनं ते बसवलं होतं, वाजवलं, रेकॉर्डिंग ऐकलं आणि सोडून दिलं, कारण एकाच फ्लूटमधून दोन आवाज बोलतायत असं जे वाटतं ते श्वासाच्या त्या छोट्या खाचांमुळेच वाटतं, त्या बुजवल्या की नुसती शिलाई मशीन चालते.

बीटबॉक्सिंगची हौस मी याकोब फान आइकवर भागवतो. सतराव्या शतकातला उत्रेख्तचा आंधळा घंटावादक, चर्चच्या आवारात फिरायला आलेल्या लोकांना रेकॉर्डरवर (उभी धरून वाजवायची लाकडी बासरी) ओळखीच्या चाली वाजवून दाखवायचा आणि मग त्याच चालीचे एकेक स्वर तोडून व्हेरिएशन करत जायचा. तिथे शेवटचं व्हेरिएशन मी माझं घालतो, चाव्यांचे टकटक आवाज (की क्लिक), बीट, सगळं. ठाण्यातल्या उपवन तलावावर संध्याकाळी वाजवलं तर चालणारे लोक थांबतात, पण आधी मूळ चाल साधी दोनदा वाजवावी लागते, नाहीतर काय तोडलं ते कळत नाही.

तुम्ही पार्टिटातल्या साराबांद या संथ भागापासून सुरू करा, व्हायब्रेटो न घेता, फक्त लांब स्वरांवर फ्लॅटमाँ, आणि तेच सरांना ऐकवा.